नागोयाचे हत्तीघर आणि आपली जीवदया

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



प्राणिसंग्रहालयात जाताना जैन मन कचरते. मुक्या जिवाला डांबणे हा 'बंध', अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक. जपानमधील नागोया शहराच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयात पाऊल टाकताना माझीही हीच अवस्था होती. तरीही तेथील हत्तींसमोर मी बराच वेळ उभा राहिलो, तो एका जुन्या घटनेच्या स्मरणाने.

हे संग्रहालय १९३७ साली उघडले. पुढे महायुद्ध पेटले. बॉम्बहल्ल्यात पिंजरे फुटून श्वापदे मोकळी सुटतील, या भीतीने जपानमध्ये ठिकठिकाणी प्राण्यांना मारण्याचे आदेश निघाले. १९४३ साली टोकियोच्या उएनो संग्रहालयात तीन हत्तींचे अन्नपाणी तोडून त्यांना मारण्यात आले. आपण ज्याला 'अन्नपाननिरोध' म्हणतो, तो अतिचार तेथे मृत्यूपर्यंत पोहोचला. डिसेंबर १९४४ मध्ये नागोयातही हिंस्र प्राण्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

संचालक कीताओ यांना ते प्राणी वाचवता आले नाहीत. हत्तींसाठी मात्र त्यांनी अधिकाऱ्यांची मनधरणी सोडली नाही. माणसांनाच अन्न मिळेनासे झाले होते. चार हत्तींपैकी दोन दगावले. एका लष्करी पशुवैद्याने सैन्याच्या जनावरांचा चारा हत्तीघरात साठवला आणि त्यातून हत्तींना खाऊ घातले जाई तेव्हा काणाडोळा केला, असे सांगतात. मकानी आणि एल्डो या दोन हत्तिणी युद्धातून वाचल्या.

१९४९ साली टोकियोच्या मुलांनी त्यांतील एक हत्तीण मागितली. परंतु दोघींना विलग करू जाताच त्या इतक्या व्याकूळ झाल्या, की तो विचार सोडावा लागला. मग मुलांनाच नागोयास नेण्यासाठी खास रेल्वेगाड्या सुटल्या. लोक त्यांना 'हत्तीगाडी' म्हणत. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी टोकियोच्या मुलांसाठी 'इंदिरा' ही हत्तीण भारतातून पाठवली.

बंधुजनहो, पिंजरा तो पिंजराच. त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु 'आम्ही मारणार नाही' एवढ्या शब्दांवर त्या हत्तिणी जगल्या नसत्या. त्यांना रोज चारा लागत होता आणि तो टंचाईत कोणीतरी मिळवून दिला. दुष्काळात पांजरपोळाचे कोठार रिते होते, तेव्हा आपलीही हीच परीक्षा असते. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या आपल्या ट्रस्टने त्या दिवसासाठी चाऱ्याचा वेगळा निधी आजच बाजूला काढावा, एवढीच माझी विनंती आहे.

जय जिनेंद्र!