सागरतळाचा ठाव

ज्याच्या अंतःकरणाचा थांग लागत नाहीं अशा पुरुषाला आपण सागराची उपमा देतों. त्या सागराचाच थांग मनुष्यानें कसा लावला, हें पाहणें मोठें बोधप्रद आहे.

इ. स. १८७२ ते १८७६ या काळांत ‘चॅलेंजर’ नांवाचें इंग्रज जहाज समुद्राचें संशोधन करीत पृथ्वीभर फिरलें. खोली मोजण्याचें साधन काय, तर दोरी आणि तिच्या टोकाला जड वजन! मार्च १८७५ मध्यें पॅसिफिक महासागरांत मेरियाना बेटांच्या बाजूस या दोरीनें ४,४७५ वांव, म्हणजे आठ हजार मीटरांहून अधिक खोली दाखविली. एका मोजणीला तासन्‌तास लागत आणि हातीं येई तो नकाशावरचा एकच ठिपका. शेजारीं डोंगर आहे कीं दरी, हें दोरी सांगत नसे.

पुढें दोरीची जागा ध्वनीनें घेतली. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर धांवतो. जहाजाच्या बुडाशीं बसविलेल्या यंत्रानें नाद खालीं सोडावयाचा व पडसाद परतेपर्यंतचा वेळ मोजावयाचा. सहा सेकंद लागले, तर तीन जाण्याचे व तीन येण्याचे. म्हणजे खोली साडेचार हजार मीटर. १९२५ ते १९२७ या काळांत ‘मेटेओर’ या जर्मन जहाजानें दक्षिण अटलांटिकमध्यें अशा साठ हजारांहून अधिक मोजण्या केल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर असेच आंकडे न्यूयॉर्कजवळील एका संशोधनसंस्थेंत मारी थार्प या विदुषींच्या हातीं आले. स्त्रियांना तेव्हां संशोधनाच्या जहाजांवर मज्जाव असे. म्हणून त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन आंकडे आणीत व थार्पबाई मेजावर बसून त्यांचे आलेख रेखाटीत. १९५२ च्या सुमारास अटलांटिकमधील बुडालेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर त्यांना आलेखामागून आलेखांत एकच घळ दिसली. पृथ्वीचें कवच तेथें दुभंगत असल्याची ती खूण होती. हीझेन यांना हें प्रथम पटलें नाहीं. परंतु भूकंपांचीं ठिकाणें नकाशावर मांडतांच तीं त्याच घळीच्या मार्गानें गेलेलीं आढळलीं. थार्पबाईंना स्वतः संशोधनाच्या सफरीवर जावयास मिळालें तें १९६८ सालीं.

आधुनिक यंत्रें शेंकडों ध्वनिकिरण पंख्यासारखे पसरून कित्येक किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरींत टिपतात. उपग्रह तळाचा केवळ ढोबळ अंदाज देतात. प्रकाश व रेडिओलहरी तेवढ्या खोलीपर्यंत पोंचत नाहींत.

ही उणीव मार्च २०१४ मध्यें फार दुःखद रीतीनें प्रत्ययास आली. मलेशियाचें एमएच ३७० हें विमान २३९ माणसांसह नाहींसें झालें. शोधाचा रोख दक्षिण हिंदी महासागराकडे वळला. पण तेथील तळाचा भरंवशाचा नकाशाच नव्हता! खोल पाण्यांत सोडावयाचीं शोधयंत्रें डोंगरांवर आदळूं नयेत, म्हणून अगोदर नकाशा करावा लागला. त्यांत पूर्वीं अज्ञात असलेले ज्वालामुखी, कडे व दऱ्या उमटल्या. विमान मात्र सांपडलें नाहीं, आणि जानेवारी २०१७ मध्यें तो शोध थांबविण्यांत आला.

जून २०२५ पर्यंत जगांतील सागरतळाचा सुमारें २७ टक्के भागच अशा रीतीनें मोजला गेला होता. उरलेला भाग समुद्रानें लपवून ठेवलेला नाहीं. तो विचारणाऱ्या प्रत्येकाला पडसाद देतो. परंतु जहाजें व्यापाराच्या ठराविक वाटांनींच जातात, आणि जेथें कोणी विचारावयास गेलेंच नाहीं, तेथें नकाशा कोरा आहे.