सोन्याच्या हिशेबातला कोरा रकाना
(मेळाव्यातलं भाषण)



खाणवाले गावात आले की आधी आकडे सांगतात. वर्षाला इतका माल निघेल, इतक्यांना काम मिळेल. म्हणून आज आपण एका जुन्या खाणीचा हिशेब वाचू. जागा लांबची, अमेरिकेतली. लाकोटा आदिवासींचे ब्लॅक हिल्स, म्हणजे काळे डोंगर.

1868 च्या करारात सरकारने लिहून दिलं, हे डोंगर लाकोटांचे. जमीन घ्यायची तर चारातल्या तीन मोठ्या पुरुषांच्या सह्या लागतील. 1874 साली लष्कर डोंगरात शिरलं. सोन्याची बातमी फुटली, लोंढे आले. डोंगर द्या, नाहीतर रेशन बंद, असं सरकारने सांगितलं. तरी सह्या मिळाल्या शंभरात दहांच्या. मग 1877 साली कायदा करून डोंगर काढून घेतले.

तिथली होमस्टेक खाण 1876 ते 2002 चालली. सोनं निघालं बाराशे टनांवर, चांदी अडीचशे टनांवर. सरासरी धरली तर दर वर्षी सुमारे 10 टन सोनं आणि 2 टन चांदी. वर्षाच्या तक्त्यात दगड किती फोडला, सोनं किती, पैसा किती, सगळं असतं. डोंगर कुणाचा, त्याने हो म्हटलं का, तो रकाना नसतो. पाण्याचाही नसतो. 1977 पर्यंत खाणीचा गाळ व्हाइटवूड ओढ्यात सोडला. त्यात आर्सेनिकचं विष होतं.

1980 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने डोंगरांची भरपाई ठरवली, व्याजासकट साडेदहा कोटी डॉलरच्या आसपास. लाकोटांकडे गरिबी मोठी, तरी त्यांनी पैसे घेतले नाहीत. घेतले तर डोंगर विकला असं होईल. खाण बंद झाली, पण डोंगर परत द्या ही मागणी चालूच आहे.

आपल्याकडेही न भरलेली ग्रामसभा कागदावर भरलेली दाखवतात. म्हणून उत्पादनाचा कागद कुणी आणला, तर तो सगळ्यांसमोर वाचायला लावायचा. मग विचारायचं: गावाचा ठराव कुठल्या तारखेचा? सह्या किती, त्यात बाया किती? गाळ कुठल्या नाल्यात जाणार? खाण संपल्यावर जमीन कुणाच्या नावावर? उत्तरं गावाच्या वहीत लिहून घ्यायची, सांगणाऱ्याची सही घ्यायची. आणि कोऱ्या कागदावर अंगठा कुणीच द्यायचा नाही.

जिंदाबाद!