पावती मागा, हिशेब मागा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



'तुम्ही शेतकरी कर भरत नाही,' असं शहरातला माणूस ऐकवतो आणि आपण मान खाली घालून ऐकून घेतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. (कोरडवाहू कापूस-ज्वारीत उत्पन्नच उरत नाही, ती गोष्ट वेगळी.) पण बोंडअळीचं रासायनिक औषध घ्या. मूळ किंमत १००० रुपये असली तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८० रुपये. खतावर ५ टक्के. डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, दोन्ही. कारखानदार खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वजा करतो. आपल्याला ती वजावट नाही. कर आपल्यापाशी येऊन थांबतो आणि कापसाच्या भावात तो घालायची सोय नाही.

तेव्हा कर आपण भरतोच, फक्त ते कुणी शिकवलेलं नाही. हे अज्ञान सरकारलाही महागात पडतं. कच्च्या चिठ्ठीवर औषध घेतलं, तर कराचे पैसे तिजोरीत गेले की दुकानदाराच्या गल्ल्यात राहिले, कोण सांगणार? पक्कं बिल मागणारा शेतकरी हा सरकारचा बिनपगारी निरीक्षकच. त्यात आपलाही स्वार्थ आहे. बियाण्यावर जीएसटी नाही, तरी बिल घ्याच, लॉट नंबरासकट. बी उगवलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे पहिला प्रश्न बिलाचा येतो.

पण कराची माहिती झालेला माणूस नुसता भरत नाही, दरही विचारतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. रासायनिक औषधाचा १८ तसाच राहिला. तो का, हे विचारायला आधी तो माहीत पाहिजे.

आता गावचा कर. घरपट्टी थकते ती लोक लबाड म्हणून नव्हे. पैसा कुठे जातो ते दिसत नाही म्हणून. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे सरपंच असताना कर भरणाऱ्या घराला ग्रामपंचायतीने दळण मोफत करून दिलं. भरलेला कर बाईला चक्कीवर दिसायला लागला. कर भरणारं गाव म्हणून पाटोद्याचं नाव झालं ते त्यामुळे. सरकारी फलकावरच्या 'वेळेवर कर भरा'ने एवढं होत नाही. ती दवंडी आहे, शिक्षण नव्हे.

येत्या ग्रामसभेला घरपट्टीची पावती खिशात घालून जा. वर्षाची मागणी किती, वसूल किती, खर्च कशावर, एवढंच ग्रामसेवकाला विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, वही उघडायला लावा.