पवनेच्या काठावर तंबू, आणि पाण्याचा हिशोब

आजचा भाग पवना धरणाबद्दल. हो, तेच, रील्समधलं. तंबू, बार्बेक्यू, गिटार, आणि मागे तिकोना किंवा तुंग.

मे महिन्यात आमची टीम तिथे गेली होती. बुकिंगच्या फोटोत तंबूच्या दारातच पाणी होतं. प्रत्यक्षात पाण्यापर्यंत पोचायला भेगा पडलेल्या जमिनीवरून दहा मिनिटं चालावं लागलं. आमच्यातला एक जण तंबूवाल्या काकांवर चिडला, "काका, फोटो खोटा टाकलात ना?" काका शांतपणे म्हणाले, "फोटो ऑक्टोबरचा आहे साहेब. पाणी तुमच्याच नळाला गेलं."

आता आम्ही सगळे पिंपरी-चिंचवडचे. पवनेचं पाणी धरणातून नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून शहराला देतात. तरी २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी येतं. म्हणजे बघा, घरी पाणी आलं नाही म्हणून ओरडायचं, आणि धरणावर जाऊन पाणी का सोडलं म्हणून ओरडायचं. दोन्ही आम्हीच.

घरी आल्यावर मी एक्सेल उघडलं. (इंजिनिअर आहे, दुसरं काय करणार.)

प्रश्न साधा होता. पर्यटनाला पाणी किती लागतं? बोट पाणी पीत नाही. पण बोटीला पाणी तिथेच थांबलेलं हवं असतं, आणि खरी मेख तिथेच आहे. धरणाची साठवण साधारण साडेआठ टीएमसी. समजा, काठ जरा बरा दिसावा म्हणून उन्हाळ्यात अर्धा टीएमसी राखून ठेवला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. शहराला रोज ५० कोटी लिटर लागतात असं धरलं, तर आपण २८ दिवसांचं पाणी नुसतं बघायला ठेवलं.

इथे मी स्वतःशीच वाद घातला. राखलेलं पाणी काही वाया जात नाही. पाऊस लांबला तर तेच उपयोगी पडेल. खरं आहे. पण मग एप्रिल-मेमध्ये कुणीतरी तेवढं कमी वापरायचं. कुणी? शहराचं पाणी सहजासहजी कुणी तोडत नाही. राज्याच्या २००३ च्या जलनीतीतही पिण्याचं पाणी पहिलं आणि करमणूक पार खाली होती. म्हणजे कात्री बसणार नदीवर मोटारी लावणाऱ्या शेतकऱ्याला.

आणि मावळात हा विषय हलका नाही. धरणातून थेट शहरापर्यंत बंद पाईपलाईन टाकायच्या योजनेविरुद्ध शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेसवेवर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. काम कित्येक वर्षं बंद पडलं. त्याच धरणावर "वीकेंडसाठी पातळी राखा" असं म्हणायला मला तरी तोंड नाही.

मग पर्यटन बंद करायचं का? अजिबात नाही. काकांची खालची जमीन धरणात गेली, आता तंबूच त्यांचं पीक. माझं मत असं, की पाण्यानं पर्यटनासाठी थांबायचं नाही, पर्यटनानं पाण्याच्या मागे सरकायचं. पातळीबरोबर वर-खाली होणारी तरंगती जेट्टी. दर महिन्याचा खरा फोटो. उन्हाळ्यात बोटीऐवजी किल्ल्यांचे ट्रेक.

पण मुख्य खर्च वेगळाच आहे, आणि तो कुणी धरतच नाही. संडास. शनिवारी रात्री काठावर एवढी माणसं झोपतात, त्यांचं सांडपाणी कुठे जातं? पाणी चढतं त्या रेषेच्या खाली शोषखड्डा खणला, तर पावसाळ्यात तो धरणातच जाणार, आणि तिथून रावेतला. शिवाय जीवरक्षक, लाईफ जॅकेट, कचऱ्याची गाडी. दरवर्षी कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येतेच.

अमेरिकेत १९६५ साली एक कायदा झाला. तिथल्या केंद्र सरकारच्या धरणांवर करमणुकीची सोय करायची, तर तिच्यामुळे वाढणारा खर्च वेगळा काढायचा आणि त्यातला किमान अर्धा, शिवाय पुढची देखभाल, स्थानिक संस्थेनं उचलायची. आपल्याकडे ग्रामपंचायतीवर एवढा बोजा टाकणं चूक होईल. पण खर्च वेगळा मांडायची सवय मात्र मला आवडली. एका तंबूमागे ठरावीक रक्कम घ्या, ती पंचायतीच्या वेगळ्या खात्यात टाका, त्यातून संडास आणि जीवरक्षक. आपण मॅगीला शंभर रुपये देतो, मग यालाही देऊ की.

हे शीट मी काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. दोन दिवसांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "ताई, सगळं बरोबर आहे. पण आमच्या वरच्या शेताला मोटारीनं पाणी घेतो, ते यात कुठं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. आता ती ओळ घातली आहे. लिंक खाली देते. तुमच्या जवळच्या धरणाचे आकडे घालून बघा आणि कुठे चुकलं ते मला कळवा.