चार्टवर न उतरणारी शुश्रूषा



परिचारिकांच्या वसईतल्या या परिषदेची अध्यक्ष म्हणून थेट विषयावर येते. कोणत्याही वॉर्डातला केसपेपर उघडून पाहा. इंजेक्शन किती वाजता दिलं, सलाईन कधी लावलं आणि कधी संपलं, हे सगळं सहीसकट सापडतं. पण अर्धांगवायूच्या रुग्णाला कुशीवर कधी वळवलं, पहिलटकरणीला बाळ छातीशी कसं धरायचं ते कुणी दाखवलं, मधुमेही आजोबांना रोज पायाची बोटं तपासायला शिकवलं का, यांतलं बहुतेक काही कागदावर येत नाही. ही कामं होत नाहीत असं मी म्हणत नाही. ती होतात, पण ‘वेळ मिळाला तर’ या सदरात. माझा मुद्दा असा की ही कामं म्हणजे उपचार आहेत. आणि उपचार असतील तर त्यांची नोंद वेळेसह आणि सहीसह झाली पाहिजे, मनुष्यबळाच्या हिशेबातही ती धरली गेली पाहिजेत.

उपचार हा शब्द मी आदरापोटी वापरत नाही, त्याला पुरावा आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, ती इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. कित्येक वर्षं तिच्याकडे गरिबांची सोय म्हणूनच पाहिलं गेलं. मग भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने चाचणी घेतली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिलेल्या बाळांच्या गटात २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १२ टक्के होतं. स्थिरावल्यावर ही पद्धत सुरू केलेल्या गटात ते १५.७ टक्के होतं. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता, तर ते देण्याची वेळ तुमच्या चार्टवर छापून आली असती. इथे मात्र आईला टेकून कसं बसायचं, बाळाची मान कशी ठेवायची, कपडा कसा बांधायचा हे शिकवणाऱ्या सिस्टरच्या अर्ध्या तासाला कागदावर रकानासुद्धा नाही.

दुसरा दाखला १९७१ सालचा. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी पश्चिम बंगालमधल्या बनगावला उभारलेल्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला दिल्या. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे तर औषधच झालं, असं कुणी म्हणेल. पण पाजत कोण होतं? रुग्णांच्या उशाशी बसलेले नातेवाईक. त्यांना शिकवलं नसतं तर त्या पुड्या पुड्याच राहिल्या असत्या.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘बिनऔषधी’ म्हटलं की त्या छत्रीखाली कुणीही शिरतं. पालघर जिल्ह्यात ताप अंगावर काढून भगताकडे जाणारे रुग्ण आपण पाहतो, आणि मोबाइलवरचे नुसखे वाचून इन्सुलिन बंद करणारे शिकलेले लोकही पाहतो. म्हणून स्पष्ट सांगते: मी मांडते आहे ती शुश्रूषा औषधाच्या जागी बसणारी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. त्या गावांतल्या आरोग्यदूत बायका बाळाला ऊब कशी द्यायची, दूध कसं पाजायचं हे आईला शिकवत होत्याच. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत होत्या. शिकवणं आणि सुई, दोन्ही एकाच हातात होतं.

आणि पुराव्याची कसोटी आपल्याच सवयींनाही लागली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावणं आपल्या कित्येक पिढ्यांनी निष्ठेने केलं. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळल्याने खालच्या पेशींना इजा होते, म्हणून तिथे चोळू नये, असं आज सांगितलं जातं. मग ते सोडायला हवं. केवळ जुनं आणि मायेचं आहे म्हणून कुठलीही रीत टिकवण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप सभागृहातून येईल आणि तो अधिक कडवट असेल: वेळ आहे कुठे? वॉर्ड भरलेला, ड्यूटीवर सिस्टर एक किंवा दोन, आणि त्यात आणखी लिहायचं? हिशेब मांडून पाहू. वॉर्डात अंथरुणाला खिळलेले चार रुग्ण आहेत असं धरा. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसाला ४८ वेळा, एका पाळीत १६ वेळा. प्रत्येक वेळी दोन माणसं आणि पाच मिनिटं धरली, तर एका पाळीत दोन तास चाळीस मिनिटांचं मनुष्यबळ फक्त बेडसोर टाळण्यात जातं. हे काम कुठेही लिहिलेलं नसेल तर पदांची मागणी करताना ते शून्य धरलं जातं. आज आपण कमी आहोत, याचं एक कारण आपलं निम्मं काम अदृश्य आहे हेही आहे. ते दिसावं यासाठी नवं रजिस्टर नको. कुणीच न वाचणारी रजिस्टरं आपल्याकडे पुरेशी आहेत. टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर एक रकाना वाढवा आणि तो हँडओव्हरला वाचून दाखवा.

‘ते तर नातेवाईक करतातच’ हे उत्तर व्यवस्थापनाला सोयीचं आहे. नातेवाईक जरूर करतील, पण शिकवल्यावर. आणि शिकवणं हे आपलं काम आहे, वॉर्डातल्या मावशींचं नाही.

शिकवण्याच्या बाबतीत हा जिल्हा अवघड आहे. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर एका टोकाला नालासोपाऱ्याच्या चाळींत हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलतो, वसईच्या वाड्यांमध्ये कादोडी आणि वाडवळी, तर जव्हार-मोखाड्याकडे वारली आणि कोकणा. डिस्चार्जच्या वेळी प्रमाण मराठीत भराभर सूचना वाचून ‘समजलं का?’ विचारलं की सगळे मान डोलावतात. ती मान संकोचाने हललेली असते. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सुनेला हे कसं सांगाल, ते मला सांगा’ असं विचारावं. रुग्णाने स्वतःच्या बोलीत सांगितलं की काय पोचलं आणि काय निसटलं ते दोन मिनिटांत कळतं. आवणीच्या चिखलात दिवसभर अनवाणी उभ्या राहणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याला ‘पायांची काळजी घ्या’ हे वाक्य निरुपयोगी आहे. चिखलातून बाहेर आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवा दिसत नसेल तर घरातल्या कुणाला पाहायला सांगायचं, आणि जखम दुखत नाही म्हणजे बरी आहे असं समजायचं नाही, एवढं नेमकं सांगावं लागतं.

मुलांच्या बाबतीत तर सांगण्याने फारसं काही होत नाही, त्यांच्याकडून करून घ्यावं लागतं. याचा धडा परदेशातून आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं हा तिथे भाषणाचा विषय नव्हता, दिनक्रम होता. आज शाळा तपासणीला जाणारं आपलं पथक वजन-उंची नोंदवतं, गोळ्या देतं, हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं पोस्टर लावतं आणि परततं. लसीकरणातही तेच. टोचताना बाळ अंगावर पीत असेल तर त्याला कमी दुखतं, मोठ्या मुलाचं लक्ष गोष्टीत गुंतवलं तर त्यालाही; दोन्हीला चांगला पुरावा आहे. तरी रांग लांब आहे म्हणून आपण मुलाचे हात घट्ट धरायला सांगतो आणि त्याला आयुष्यभराची सुईची भीती देऊन मोकळे होतो.

शेवटचा आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. मोखाड्याच्या ज्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे साबणाने हात धुवा असं मुलाला सांगणं म्हणजे त्याच्या गरिबीवर ठपका ठेवणं नाही का? पाणी न देता दिलेला धडा तसाच ठरतो. म्हणून आरोग्यशिक्षणाच्या नोंदीत आणखी एक ओळ हवी: शिकवलं ते करण्याची सोय तिथे आहे का. शाळेचा नळ कोरडा असेल तर तसं लिहावं, तारीख घालावी, आणि तो कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांबरोबरच पंचायत समितीकडेही पाठवावा. आज दुपारच्या सत्रात चार्टच्या नमुन्यावर चर्चा आहे. त्यात या ओळीसाठी जागा ठेवावी, अशी माझी सूचना आहे.