कावा, दगा आणि गेलेली लाइट

आज खोटं बोलण्याविषयी बोलायचंय, तेही खेळातल्या. आयुष्य सैन्यात गेलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. पण शत्रूला फसवायचं कसं हे आम्हाला रीतसर शिकवतात, आणि कुठे फसवायचं नाही हेही शिकवतात. हा दुसरा भाग लोकांना माहीत नसतो.

ज्यांनी हे ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी एका खेळाची ओळख करून देतो. नाव ‘डिप्लोमसी’. अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने तो तयार केला, १९५९ मध्ये तो पटावरचा खेळ म्हणून बाजारात आला आणि आता जगभर ऑनलाइन खेळला जातो. १९०१ सालचा युरोप, सात खेळाडू, सात सत्ता. फासे नाहीत, नशीब नाही. आधी आपसात वाटाघाटी करायच्या, मग प्रत्येकाने आपले हुकूम गुपचूप लिहायचे आणि सगळ्यांचे एकदम उघडायचे. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा नियम नाही. त्यामुळे पाठीत सुरा हा या खेळाचा अपघात नाही, तो खेळच आहे. आपल्या गुलामचोरात हातातला गुलाम लपवून चेहरा साधा ठेवणाऱ्याला आपण लबाड म्हणतो, पण हसत म्हणतो. तसंच हे.

इथे वाराणसीत, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या घरांतली आणि शेजारची काही मुलं हा खेळ खेळतात. माझा नातू त्यांतलाच. निवृत्त फौजी म्हटलं की गल्लीत पंचाचं काम आपोआप गळ्यात पडतं, तसं त्यांचं एक भांडण माझ्याकडे आलं.

झालं असं. एका डावात ऑस्ट्रिया खेळणाऱ्या मुलाने ग्रुपवर लिहिलं, ‘आजोबा गेले, दोन दिवस खेळ थांबवा.’ सगळ्यांनी होकार दिला तर खेळ थांबवता येतो. सगळ्यांनी दिला. त्या दोन दिवसांत या पठ्ठ्याने बाजूबाजूने दोघांशी नवे करार केले आणि खेळ सुरू होताच तिसऱ्याला साफ केलं. आजोबा ठणठणीत होते, गच्चीवर चहा पीत होते. मुलं चिडली, तर हा म्हणतो, ‘खेळात फसवणूक चालते ना? मग?’ वर पुढे, ‘कृष्णाने काय केलं?’

त्याचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून मी त्याला आमच्या घरचा कायदा सांगितला.

युद्धाच्या कायद्यात फसवणुकीच्या दोन जाती आहेत. मी त्यांना आपले जुने मराठी शब्द वापरतो, कावा आणि दगा. १९०७ च्या हेग नियमावलीचं २४ वं कलम काव्याला सरळ परवानगी देतं. २३ वं कलम दग्याने मारायला आणि तहाच्या पांढऱ्या निशाणाचा गैरवापर करायला बंदी करतं. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने हे आणखी स्पष्ट केलं. छद्मावरण, नकली तोफा, लुटुपुटूचा हल्ला, खोटी बातमी, हे सगळं चालतं. पण शरण आल्याचं, जखमी असल्याचं किंवा साधा नागरिक असल्याचं सोंग करून माणूस मारणं चालत नाही. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही, पण हा फरक त्याच्याहून कितीतरी जुना आहे.

१९७१ चं उदाहरण घ्या. ११ डिसेंबरला टांगाइलला आपली एक पॅरा बटालियन उतरली, साधारण सातशे जवान. जगभर बातमी गेली पाच हजारांची, आणि ती खोडून काढायची घाई आपण केली नाही. पाचच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. हा कावा. आकाशातून उतरणाऱ्या छत्र्या मोजायचं काम शत्रूचं होतं. मला त्यात काडीचाही संकोच वाटत नाही.

आता आग्र्याहून सुटका. महाराजांनी आजारपणाचं सोंग केलं, मिठाईचे पेटारे पाठवले, बिछान्यात हिरोजी फर्जंद झोपला, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते सोंग कुणाला मारण्यासाठी नव्हतं, कैदेतून निसटण्यासाठी होतं, म्हणून आजच्या कायद्यानेही तो दगा ठरत नाही. पण मला त्यातली एक कमी सांगितली जाणारी गोष्ट मोठी वाटते. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह महाराजांसाठी बादशहाकडे जामीन राहिला होता. त्या काळच्या राजस्थानी पत्रांत दिसतं की महाराजांनीच त्याला तो जामीन मागे घ्यायला सांगितलं. पुढे बादशहाचा रोष त्याच्यावर झालाच, ते वेगळं. फसवायचं होतं बादशहाला. ज्याने आपल्या शब्दावर मान पुढे केली त्याला आधी मोकळं करायचा प्रयत्न झाला.

कृष्णाचं म्हणाल, तर ‘अश्वत्थामा मेला’ हे द्रोणाने ऐकून घेतलं ते युधिष्ठिराच्या तोंडून आलं म्हणून. आणि व्यासांनी ते तसंच सोडून दिलेलं नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, हेही लिहून ठेवलंय. कृष्णाचा दाखला देणाऱ्यांनी ती पुढची ओळ गाळू नये.

दग्यात नेमकं वाईट काय? समोरचा हरतो म्हणून नव्हे, तो काव्यानेही हरतोच. पांढरं निशाण खोटं निघालं की पुढचं खरं निशाण वर करणाऱ्यावर गोळी झाडली जाते. नुकसान तिसऱ्याचं होतं, जो त्या दिवशी तिथे नसतो. ऑनलाइन खेळात पांढरी निशाणं कोणती? ‘लाइट गेली’, ‘नेट बंद पडलं’, ‘आई आजारी आहे’, ‘परीक्षा आहे’. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट खरोखर जाते. पण खोटी लाइट इतक्यांदा गेलीय की खऱ्यासाठी आता कुणी थांबत नाही. (कुणाचा पासवर्ड काढून घेणं वगैरे मी यात धरतच नाही. ती चोरी आहे, त्यावर व्याख्यान कशाला हवं?)

आणि आजोबांच्या त्या थापेनंतर काही महिन्यांनी दुसऱ्या एका मुलाची आजी खरंच गेली. त्याने ग्रुपवर कळवलं. खाली उत्तर आलं, ‘घाटावरचा फोटो टाक.’ काशीत राहणारी मुलं ही. मणिकर्णिका त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या मुलाने फोटो टाकला नाही, ग्रुप सोडला. फोटो मागणारा दुष्ट नव्हता, तो एकदा फसलेला होता, इतकंच.

हे माणसांपुरतं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये मेटा कंपनीने ‘सिसेरो’ नावाचा संगणक-खेळाडू डिप्लोमसीत उतरवला. ४० ऑनलाइन डाव खेळून तो वरच्या दहा टक्क्यांत आला. एकदा त्याची यंत्रणा दहा मिनिटं बंद पडली. कुठे होतास, असं कुणीतरी विचारलं, तर उत्तर आलं, मैत्रिणीशी फोनवर बोलत होतो. यंत्राने नकाशावर मारलेल्या थापा मला खटकत नाहीत, ही खटकते. ही थाप नकाशाबाहेरची आहे.

मुलांना मी एवढाच निवाडा दिला. नकाशावर हवं तितकं खोटं बोला, सैन्य कुठे जाणार, कुणाशी तह, सगळं. घर, आजार, मृत्यू, लाइट यांबद्दल नाही. त्यांना तो पटला, आणि लगेच एका मुलीने मला अडवलं. तिचा प्रश्न असा. एक मुलगा दोन महिने तिच्याशी रोज शाळेबद्दल, घरच्या कटकटींबद्दल बोलत होता. शेवटच्या वर्षात त्याने तिचं आरमार बुडवलं आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. ‘हे नकाशावरचं की नकाशाबाहेरचं?’

याला साधं उत्तर नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या खेळात २००५ मध्ये एका टोळीने जवळपास वर्षभर दुसऱ्या गटात विश्वासू सहकारी म्हणून राहून त्याची तिजोरी लुटली. कंपनीने ते नियमात बसतं असंच मानलं. युद्धाचा कायदाही हेरगिरीला दगा म्हणत नाही. मात्र वेष पालटलेला हेर पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही. हेर व्हायला मनाई नाही, पण सैनिकाचं संरक्षण मागू नकोस, असा तो रोखठोक सौदा आहे. मी तिला हेच सांगितलं.

ती म्हणाली, ‘म्हणजे पुढच्या डावात त्याला घ्यायचं की नाही?’

मी म्हटलं, ते तुम्ही मत टाकून ठरवा. अजून ठरलेलं नाही. तीन-तीन मतं पडलीत आणि सातवं मत त्या मुलाचं स्वतःचं आहे.