‘तुमच्या रक्तातच आहे!’
(शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आत्ता चहाच्या वेळी एकीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, “ताई, माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. मला थायरॉईड आहे. सासूबाई म्हणतात, तुमच्या रक्तातच आहे. माझ्या मुलीला होईल का हो?”

तर हे ‘रक्तात’ काय आहे, ते पाहू या.

रोगजंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. कधीकधी ती आपल्याच पेशींवर उलटतात. थायरॉईडचे काही विकार, ल्यूपस हे असे ‘ऑटोइम्यून’ आजार. ते बायकांना जास्त होतात. ल्यूपसच्या दहा रुग्णांत नऊ बायकाच. डेन्मार्कमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ७,७०४ रुग्णांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. (वडिलांच्याही बरं का! हे सासूबाईंना सांगायला हवं.) २००६ साली निष्कर्ष आले. असे आजार असलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका ४५ टक्क्यांनी जास्त दिसला. आकडा ऐकून दचकू नका. शंभरात एकाला होणारा आजार शंभरात दीड जणांना होईल, एवढाच त्याचा अर्थ. एवढ्यावरून कुणी मुलीचं लग्न मोडत असेल तर त्याचं गणित कच्चं आहे.

बहिणीच्या आजाराचं कारण तिची थायरॉईड, असंही यातून सिद्ध होत नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवाच. २००७ साली डॉ. जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी एक वेगळा, दुर्मिळ आजार ओळखला. प्रतिपिंडं थेट मेंदूवर हल्ला करतात. धडधाकट तरुण मुलीला काही आठवड्यांत भास होतात, संशय येतो, मग झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात. आपल्याकडे म्हणतील, अंगात आलं. कित्येकींच्या अंडाशयात गाठ सापडते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी सुधारतात. तेव्हा असं काही दिसलं तर देवऋषी नको, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. पाठीच्या मणक्यातल्या पाण्याची तपासणी करायची का, हे विचारा.

दोष बाईवर ढकलणं जुनंच आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईनंच ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ अशी कल्पना मांडली. पुढे ती टिकली नाही. तोवर कितीतरी आया अपराधी ठरल्या.

नवरे घटस्फोटासाठी हा आजार पुढे करतात. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसतं निदान पुरेसं नाही. आजाराची तीव्रता पाहावी लागते. वकिलाला हे विचारा.

त्या मैत्रिणीला मी म्हटलं, थायरॉईडची गोळी चुकवू नका. बहीण औषधं घेते का, तेवढं बघून या. ती गप्प झाली. मग म्हणाली, “तीन वर्षं झाली, मला माहेरी पाठवलेलं नाही.”

जेवणानंतर आपण त्यावरच बसू या.